काढायचा रेट नाही

नांदेडात सकाळी गाडी घेऊन निघालात, तर दुपारच्या जेवणापर्यंत तिला काहीही चिकटवून मिळतं. दारांना बीडिंग, काचांवर व्हायझर, डिकीवर मोनो, मोनोशेजारी कुलदैवत, मागच्या काचेवर चिरंजीवांचं नाव, त्याखाली जरा लहान अक्षरांत कन्येचं, आणि पेट्रोलच्या झाकणावर ‘पेट्रोल’. रेडियमवाला अक्षराच्या उंचीवर भाव सांगतो, वेलांटी-उकार फुकट देतो आणि शुद्धलेखन गिऱ्हाइकावर सोडतो. ॲक्सेसरीजच्या दुकानात तर काय लावायचं हे ठरवून जायचीही गरज नाही. तुम्ही सीट कव्हरचा भाव विचारत असता, तोवर दुकानातला पोरगा मागच्या बंपरवर काहीतरी दाबून धरून उभा असतो.

अशा दुकानात जाऊन एकदा म्हणून बघा, की लावायचं काही नाही, काढायचं आहे.

‘काढून काय लावायचं?’

‘काही नाही. नुसतं काढायचं.’

दुकानदार आधी तुमच्याकडं बघतो, मग गाडीकडं, मग नंबर प्लेटकडं. गाडी चोरीची तर नाही, ही शंका त्याच्या चेहऱ्यावर येऊन जाते. मग तो अगदी मनापासून सांगतो, ‘भाऊ, लावायचा रेट आहे. काढायचा रेट नाही.’

माझी गाडी २००६ सालची. रंग चंदेरी, पासिंग एमएच २६. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण पुढं येणाऱ्या हकिकतीत कंपनीचा काहीच दोष नाही. जो काय आहे तो माझ्या सासुरवाडीचा आहे. गाडी नवी असताना पहिल्यांदा लातूरला गेलो. मेहुण्यांनी जेवणाआधी ‘जरा चक्कर मारून आणतो’ म्हणून किल्ली घेतली आणि ताटं वाढायच्या वेळेला चारही दारांना काळ्या पट्ट्या लावून गाडी दारात आणली. ‘दाजी, आमच्या लातूरचं पार्किंग म्हणजे दाराला दार. गंजगोलाईत एक चक्कर मारली की पट्टी का पाहिजे ते कळतंय.’ गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात, हे मला माहीत होतं. त्या सोळाही रस्त्यांनी माणसं माझ्याच दारावर येऊन आदळणार आहेत, हे त्या दिवशी कळलं. जावयानं मेहुण्याच्या भेटीला नाव ठेवायचं नसतं. पट्ट्या राहिल्या.

आता गाडी विसाव्या वर्षाला टेकली. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढं दर पाच वर्षांनी तिला आरटीओत नेऊन दाखवायचं, पर्यावरण कर भरायचा आणि नोंदणी नवी करून घ्यायची. हे काम एके काळी ६०० रुपयांत व्हायचं. एप्रिल २०२२पासून त्याचे ५,००० झाले, आणि ऑगस्ट २०२५पासून वीस वर्षांवरच्या गाडीला १०,०००. एवढी रक्कम मोजायची तर निदान गाडी त्या पावतीच्या लायकीची दिसावी, म्हणून तिला थोडा टचअप करून घ्यायचं ठरवलं.

बाकी किरकोळ ओरखडे होते. खरं दुखणं होतं पुढच्या डाव्या दारावर. पट्टीच्या वरच्या कडेला रंग फुगला होता आणि बोटानं दाबला की कुरकुरायचा. याचं कारण मराठवाड्यात शिकवायला नको. पट्टी आणि पत्रा यांच्यामध्ये फोमची डबल टेप असते. ती पट्टीपेक्षा अरुंद असते, त्यामुळं वरच्या अंगाला एक बारीक खाच राहते. त्या खाचेत वर्षानुवर्षं आपली काळी माती बसते. पाणी धरून ठेवणं हा काळ्या मातीचा गुण; कापसाला, सोयाबीनला, करडईला तो फार मानवतो. पत्र्याला मानवत नाही. पाऊस दसऱ्याला गेला तरी खाच दिवाळीपर्यंत ओली राहते. त्यात रस्त्यानं पट्टी थरथरते आणि अडकलेले कण रंग घासत राहतात. कारखान्यातून आलेल्या गाडीवर सगळे थर मिळून रंग असतो साधारण १०० ते १२० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग. तो घासून जायला नांदेड-लातूर रस्त्यानं किती वर्षं घ्यावीत? त्या रस्त्याच्या मानानं फारच घेतली.

देगलूर नाक्याकडच्या एका पेंटरला गाडी दाखवली. माणूस हुशार. डोळ्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि कुठं लांबी भरली आहे, कुठं नुसता हात मारला आहे, ते न विचारता सांगितलं. मी म्हटलं, आधी पट्टी काढावी लागेल.

‘कायकू साब? टेप मारके स्प्रे मारतूं. पट्टी रहन देव.’

‘पण गंज पट्टीच्या खाली आहे.’

‘अंदर का अंदर रहता. किसकू दिखता?’

या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नव्हतं. खरंच कुणाला दिसणार होतं? नगरपालिकेच्या रस्त्यापासून लग्नाच्या मांडवापर्यंत सगळा सार्वजनिक व्यवहार याच तत्त्वावर चालला आहे. पण पट्टीभोवती टेप लावून रंग मारला, तर नव्या रंगाची कड बरोबर पट्टीच्या काठावर येऊन संपते. तिथंच खाच, तिथंच माती, तिथंच पाणी. पुढच्या पावसाळ्यात नवा रंग त्या कडेपासून उचलायला लागतो. हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, ‘हौ. उचलता. फिर लाव, फिर मारतूं.’

ज्या टेपवर तो एवढा विसंबून होता, तिची गोष्ट मात्र मला तेव्हा आठवली. १९२०च्या दशकात अमेरिकेत दुरंगी मोटारींची फॅशन आली. एक रंग मारायचा, तो झाकायचा, दुसरा मारायचा. झाकण्यासाठी रंगारी जे काही चिकटवत, ते काढताना खालचा नवा रंगही सोबत यायचा आणि रंगारी मग अशा शिव्या द्यायचे, की थ्रीएम कंपनीत कामाला असलेला रिचर्ड ड्रू नावाचा पोरगा गॅरेजात पॉलिश पेपरचे नमुने घेऊन आला असताना त्या ऐकून थबकला. नीट चिकटेल पण नीट निघेलही अशी टेप करून देतो, म्हणाला. १९२५ साली मास्किंग टेप आली. म्हणजे या टेपचा जन्मच मुळी काढण्यासाठी झाला! गाडीला लावायच्या एवढ्या वस्तूंत काढायचा विचार आधी करून बनवलेली ही एकटीच असावी. बाकी सगळं मेहुण्यांनी लावलेलं.

आमच्याकडं गाडीवरची वस्तू उतरते ती फक्त सरकारच्या हुकमानं. काचांवरच्या काळ्या फिल्म उतरल्या त्या एप्रिल २०१२मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं म्हणून. तेव्हा चौकाचौकांत हवालदार स्वतः नखांनी फिल्म सोलताना मी पाहिले आहेत, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो पावती फाडतानाही दिसत नाही. पुढचे लोखंडी बुल बार उतरवा, असं केंद्रानं डिसेंबर २०१७मध्ये राज्यांना कळवलं. मग आली उच्च सुरक्षेची नंबर प्लेट. ४१४१ हा आकडा मुरड घालून ‘दादा’ आणि ८०५५ वळवून ‘बॉस’ करणारी सगळी रेडियम कला तिनं एका फटक्यात उतरवली. १ एप्रिल २०१९पूर्वीच्या सगळ्या गाड्यांना ती बसवायची होती, आणि त्याची मुदत किती वेळा वाढली ते आरटीओच्या बाहेर टपरी असलेल्या चहावाल्यालाच विचारावं. या प्लेटचं कुलूप असं, की एकदा बसलं की तोडल्याशिवाय निघत नाही. म्हणजे काढायला लावलं सरकारनं, आणि जागेवर लावलं ते पुन्हा न निघणारंच.

निवडणुकीचे स्टिकर हा वेगळाच कारभार. ते कुणी लावतं का, हा प्रश्न चुकीचा आहे, ते येतात. सभेच्या मैदानाबाहेर गाडी उभी केली, की परत येईपर्यंत तुमची राजकीय भूमिका मागच्या काचेवर ठरलेली असते. त्यात २०२४ साली नांदेडकरांनी लोकसभेसाठी एप्रिलमध्ये मतदान केलं आणि नोव्हेंबरात पोटनिवडणुकीसाठी पुन्हा केलं, तेही विधानसभेच्या मतदानाबरोबर. एका वर्षात एवढे उमेदवार एका हॅचबॅकच्या काचेत मावत नाहीत. माझ्या काचेवर खालचा पक्ष वरच्या पक्षाच्या आत दिसतो. आणि नीट बघितलं तर राज्याचं चित्रही तेच आहे.

असो. पट्टी काढायची तर ती आपणच काढायची, हे नक्की झालं.

पट्टी पेचकसानं उचकटायची नसते. टेप पत्र्याला सोडत नाही आणि पत्रा वाकतो, किंवा टेप रंगासकट येते. ॲम्बेसेडर-पद्मिनीच्या काळात चकचकीत स्टीलची पट्टी पत्र्याला भोकं पाडून क्लिपांवर बसवलेली असायची. ती काढताना निदान शत्रू कुठं लपलाय ते माहीत असायचं. फोमच्या टेपला मधोमध कापावं लागतं. आधी ती ऊन देऊन मऊ करायची, मग मजबूत दोरा पट्टीच्या मागं घालून करवतीसारखा दोन्ही हातांनी ओढत न्यायचा. परदेशात यासाठी हीट गन वापरतात, नाहीतर बायकोचा हेअर ड्रायर. मी मे महिना वापरला. नांदेडात तेव्हा पारा त्रेचाळीसच्या घरात असतो आणि उन्हात उभ्या गाडीचा पत्रा साठ अंशांच्या सहज पुढं जातो. बायकोच्या ड्रायरला हात न लावता एवढी उष्णता महावितरणही देऊ शकलं नसतं, आणि ऊन ऐन दुपारी जात नाही.

दोरा म्हणजे तंगूस. गोदावरीच्या काठच्या गावात ती शोधायला लांब जावं लागत नाही. जाळी-गळ विकणाऱ्याकडं गेलो.

‘केवढा मासा?’

‘मासा नाही. गाडीची पट्टी काढायची आहे.’

त्यानं थोडा विचार केला. ‘पट्टी किती किलोची?’

तंगूस वजनावर मिळते. म्हणजे किती वजन ओढलं तर तुटणार नाही त्यावर. पट्टी जिवंत नाही, झटका देणार नाही, हे पटवून देईपर्यंत बराच वेळ गेला. शेजारच्या गल्लीतल्या एका मुलानं संक्रांतीचा उरलेला मांजा आणून देऊ केला. नायलॉनच्या मांजावर हरित लवादाची २०१७पासून बंदी आहे, हे त्याला सांगितलं, तर तो म्हणाला, ‘म्हणूनच उरलाय काका.’ मांजाला काचेची धार असते. टेपबरोबर तो रंगही कापतो. पण मुलाची भावना चांगली होती, आणि बंदी असलेला माल एवढ्या सहज दाखवणारा माणूसही मी पहिल्यांदाच पाहत होतो.

भर दुपारी गाडी गल्लीत उभी केली आणि तंगूस घातली. आपल्याकडं कुणी गाडीला काही लावत असेल तर कुणी ढुंकून बघत नाही. काढताना दिसला की गल्ली जमते. निवृत्त मुख्याध्यापक सर छत्री घेऊन आले. ‘काय करायलाव? गाडी विकायली का?’ मी म्हटलं, नाही. ‘मग बँकेनं नेलं का काय?’ पलीकडचे प्लॉटिंगवाले भाऊ आले, त्यांनी पट्टीचं एक टोक हातात धरलं आणि शेवटपर्यंत सोडलं नाही. त्यामुळं मदत झाली असं नाही, पण त्यांना ते टोक ताब्यात आलंय असं वाटत होतं, आणि धंद्याच्या सवयीनं ते कशाचाही ताबा सोडत नाहीत. सरांचं म्हणणं पडलं की एका झटक्यात ओढावी. भाऊंचं म्हणणं, गरम पाणी टाकावं. एका मावशींनी गच्चीवरून विचारलं, ‘चांगली होती की पट्टी, कामून काढायलाव?’ त्यावर सगळे माझ्याकडं बघायला लागले. उत्तर देण्यापेक्षा मी तंगूस ओढत राहिलो. टेप करकर आवाज करत कापली जात होती आणि पट्टी सावकाश सुटत होती. हे काम हातात बसलं की मजेचं आहे. तेवढी एकच गोष्ट मी गल्लीला सांगितली नाही, नाहीतर प्रत्येकानं आपापल्या गाडीची पट्टी काढायला घेतली असती.

पट्टी निघाली तरी टेपचा अर्धा थर पत्र्यावर राहतो. काळा, चिवट. इथं प्रत्येक मराठी माणसाचा पहिला सल्ला: थिनर. थिनर चालतं कुठं आणि नडतं कुठं, हे कळलं पाहिजे. कारखान्यातला रंग भट्टीत भाजलेला असतो. त्याला थिनरचा फडका चटकन काही करत नाही. गॅरेजात मारलेला रंग मात्र थिनरनंच पातळ केलेला असतो आणि थिनर दिसलं की लगेच विरघळायला तयार होतो. माझ्या गाडीचं मागचं एक दार पूर्वी कधीतरी रंगवलेलं होतं, म्हणून थिनर बाद. रॉकेल हल्ली शोधून मिळत नाही. घरात होतं करडईचं तेल. पट्टीभर तेल चोपडलं, सावलीत मुरू दिलं आणि अंगठ्यानं चोळलं, की गोंद गोळा होऊन वळतो. वेळ लागतो. अंगठ्याचं कातडं जातं. दारावर तेलाचे हात मारणारा माणूस बघून सर म्हणाले, ‘आता हळद-कुंकूही लावा.’ रंगाच्या आधी हे तेल मात्र साबणानं पुरतं निघायला हवं. अंश राहिला तर नवा रंग तिथं धरत नाही, बारीक खड्डे पडतात.

आणि मग खालचा पत्रा दिसला.

दोन जागी गंज होता, तो अपेक्षितच होता. पण बाकीच्या पट्टीभर २००६ सालची गाडी होती. खरी चांदी. आजूबाजूची जी चंदेरी छटा मी इतकी वर्षं पुसत होतो, ती मुळात चंदेरी नव्हतीच, हे तेव्हा कळलं. ऊन खाऊन तिचा राखाडी-पिवळट असा काहीतरी वेगळाच रंग झाला होता आणि मी त्यालाच गाडीचा रंग समजत होतो. मागच्या उजव्या दारावर आणखी एक गोष्ट सापडली. पट्टी लावणाऱ्यानं आधी पेन्सिलनं व्यवस्थित रेघ आखली होती. फूटपट्टी ठेवून आखलेली, सरळ, समपातळीत. पट्टी मात्र त्या रेघेवर कुठंच नव्हती.

लातूरला फोन गेला. मेहुणे म्हणाले, ‘दाजी, नांदेडला रंग नका मिळवू. लातूरला या.’ नांदेड आणि लातूर यांच्यात काही घ्यायचं-द्यायचं म्हटलं, की साधं राहत नाही. २००९मध्ये नांदेडला विभागीय महसूल आयुक्तालय जाहीर झालं तेव्हा लातूर कसं पेटलं होतं, ते आठवणाऱ्या माणसानं रंगाच्या डब्यावरून वाद वाढवू नये. मी गाडी काढली.

लोह्याच्या पुढं माळेगावला चहाला थांबलो. इथल्या खंडोबाच्या यात्रेत घोडा घेणारा जसा आधी जबडा उघडतो, तसा जुन्या गाड्यांचा व्यवहार करणारा माणूस आधी दाराच्या कडेला बोट लावतो. असाच एकजण टपरीवर भेटला. माझ्याशी एक शब्द न बोलता त्यानं दारावरच्या उघड्या पट्ट्यावरून बोट फिरवलं, खिशातून लोहचुंबक काढून तीन ठिकाणी लावून बघितलं, एका ठिकाणी ते पडलं तेव्हा समजूतदार मान हलवली आणि विचारलं, ‘द्यायची का?’ मी नाही म्हटलं. ‘मग पट्टी कामून काढली?’ जुन्या गाडीची पट्टी विकणारा काढत नाही, घेणारा काढत नाही. काढणारा माणूस म्हणजे कोण, हे त्याच्या हिशेबात बसेना. चहाचे पैसे मात्र त्यानं दिले. मला वाटतं, दया आली असावी.

लातूरला दारावरचं तेल धुवायला पाणी मागितलं, तेव्हा सासूबाई आत गेल्या आणि एक तांब्या घेऊन बाहेर आल्या. त्यात कंजूषपणा नव्हता. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे, जलदूत, पहिल्यांदा आली तेव्हा दहा टाक्यांतून पाच लाख लिटर पाणी आलं होतं, आणि या गावातल्या प्रत्येक गृहिणीच्या डोक्यात तेव्हापासून लिटरचा काटा बसला आहे. एका तांब्यात एका दाराचं तेल निघतं, हे त्यांनी मला करून दाखवलं. फडका दोनदा पिळला. पिळलेलं पाणी कढीपत्त्याला गेलं.

बार्शी रोडला रंग मिळवून देणारा एक जण होता. त्यानं गाडीवरच्या कंपनीच्या प्लेटवरून रंगाचा नंबर काढला, संगणकावर टाकला, थेंबाथेंबानं रंग मिळवला आणि पत्र्याच्या तुकड्यावर फवारून दारापाशी धरला. पट्टीखालच्या रंगाला तंतोतंत जुळला. बाकीच्या गाडीशी त्याचा काहीही संबंध नव्हता.

‘कोणत्या रंगाला मिळवू?’ त्यानं विचारलं. ‘गाडीच्या, का गाडी होती त्याच्या?’

मेहुणे म्हणाले, सगळं दारच मारून टाका. पण दार मारलं की फेंडर वेगळा दिसणार, फेंडर मारला की बॉनेट, बॉनेटनंतर दुसरा फेंडर, आणि असं करत गाडीला पूर्ण वळसा घालून आपण पुन्हा त्याच दाराशी येतो, तेव्हा त्याचा रंग थोडा उतरलेला असतो. चंदेरी रंगाचं तर आणखी एक दुखणं. त्यात ॲल्युमिनियमचे बारीक कण असतात. गन जवळून धरली तर ते एका तऱ्हेनं बसतात, लांबून धरली तर दुसऱ्या, आणि एकाच डब्यातला रंग दोन दिसतो. शेवटी मिळवणाऱ्यानंच शहाणपणा केला. थोडा काळा, कणभर पिवळा टाकून रंगाला वीस वर्षं लावली. नव्या रंगाचं वय वाढवून देण्याचे त्यानं जादा पैसे घेतले, आणि ते मला पटलेही. आरटीओ तरी दुसरं काय करतो?

नव्या पट्ट्या लावायचा आग्रह मात्र सुटला नाही. निदान डाव्या पुढच्या दाराला तरी एक, असं मेहुण्यांचं म्हणणं. तिकडूनच सगळं घासतं. ॲक्सेसरीजचा दुकानदार म्हणाला, सुटी पट्टी मिळत नाही, सेट घ्यावा लागेल. ज्या लातुरात रेल्वेचा डबा तयार करायचा कारखाना उभा आहे, जिथून २५ डिसेंबर २०२०ला पहिल्या डब्याचा सांगाडा बाहेर पडला, त्या लातुरात एका दाराची एक पट्टी मिळू नये, यावर मेहुणे आणि दुकानदार यांचं बराच वेळ बोलणं झालं. ते दोघं बोलत असताना मी गाडी सुरू करून ठेवली. तसंही, फोमची टेप पूर्ण पकडायला बहात्तर तास लागतात आणि नव्या रंगावर ती लगेच लावायचीच नसते; पण हे सांगत बसलो असतो तर मेहुण्यांनी बहात्तर तास ठेवून घेतलं असतं.

रंग लातूरचा आणि हात नांदेडचा, असा तोडगा निघाला. आयुक्तालयाचं कुणी एवढ्या समजुतीनं घेतलं असतं तर बरं झालं असतं. देगलूर नाक्याच्या पेंटरनं गंज पत्र्यापर्यंत घासला, प्रायमर मारला, पातळ लांबी ओढली, वॉटर पेपरनं कडा अशा उतरवल्या की बोटाला थर लागू नये, आणि रंग कडेकडेला विरळ करत सोडला. काम उत्तम झालं. मग हिशेब झाला. आधी सांगितलेल्यापेक्षा रक्कम जास्त होती.

‘जास्त कायकू?’

‘पट्टी निकाल लिए ना साब. पट्टी रहती तो उसके नीचे का नहीं मारता था. एरिया बढ़ गया.’

‘पण टेप लावायचं काम वाचलं की.’

‘टेप तो लगाया. काच कू, हँडल कू.’ मग त्यालाच थोडं वाईट वाटलं. ‘वो पुरानी पट्टियां हैं क्या? एक गिऱ्हाइककू होना.’

डिकीत होत्या. त्यानं त्या उलटसुलट करून पाहिल्या, बिलातून दोनशे रुपये वजा केले आणि मी पैसे मोजत असतानाच पोराला हाक मारून डबल टेप आणायला सांगितली. शेजारी उभी असलेली गाडी दुसऱ्याच कंपनीची होती, दारंही लांब. पट्टी वीतभर कमी पडली. तिथं पोरानं काळं रेडियम लावलं आणि अंगठ्यानं दाबून धरलं.